समुद्राचं भाडं आणि जोखमीचा हिशेब: सोपाऱ्यापासून क्रूझपर्यंत

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की क्रूझच्या सहलीचा आणि इतिहासाचा काय संबंध? आपल्या वसई-विरारमध्ये सध्या घरोघरी ही चर्चा ऐकू येते. निवृत्तीचे पैसे हातात आलेत, मुलं म्हणतात एकदा मोठ्या जहाजावर जाऊन या. मग तीन प्रश्न निघतात. खर्च किती? धोका किती? आणि काही झालंच तर भरून कोण देणार? हे तिन्ही प्रश्न नवे नाहीत. याच किनाऱ्यावर दोन हजार वर्षं ते विचारले जाताहेत. बदलत गेलंय ते एवढंच, की जोखमीची किंमत कोणाच्या खिशातून जाते.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. आजचं नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या प्रवासग्रंथात ते ‘सुप्पारा’ म्हणून येतं. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही उजेडात आणला. ‘दिव्यावदान’ या बौद्ध ग्रंथात शूर्पारकचा पूर्ण नावाचा व्यापारी येतो. त्याची ख्याती कशासाठी? सहा वेळा समुद्रावर जाऊन तो सुखरूप परतला होता. जरा विचार करा. सुखरूप परतणं हीच जिथे कीर्ती होती, तिथे न परतणारे किती असतील!

अशा प्रवासाला पैसा कोण देत होतं? सावकार. आणि तो धोका व्याजात धरत होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शंभर पणांवर महिन्याला सव्वा पण हे धर्म्य व्याज सांगितलंय, म्हणजे रीतसर, न्याय्य. व्यापारासाठी पाच पण. रानातून माल नेणाऱ्याला दहा. आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस! म्हणजे पाच महिन्यांत व्याज मुद्दलाइतकं. आपण याला सावकारी लूट म्हणू, पण या आकड्यात रानातल्या चोराचं आणि समुद्रातल्या वादळाचं मोल मांडलेलं आहे. तिकडे भूमध्य समुद्रातही असंच कर्ज चालायचं. त्यात अट अशी, की जहाज बुडालं तर कर्ज फेडायचं नाही. आजच्या सागरी विम्याचा हा आजोबा म्हणायला हरकत नाही. जोखीम धनको उचलायचा आणि तिचा दाम आधीच वसूल करायचा.

आता वसईच्या किल्ल्याकडे या. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर या किनाऱ्यावर धोक्याचं नाव बदललं. वादळ होतंच, त्यात बंदूकही आली. समुद्रात फिरायचं तर पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ म्हणजे परवाना हवा. नसेल तर जहाज जप्त. परवान्याची फी तशी किरकोळ होती. खरी किंमत अटीत होती: पोर्तुगीजांच्या बंदराला लागा आणि जकात भरा. गोव्याहून खंबायतकडे व्यापारी गलबतांचे तांडे, म्हणजे काफिले, पोर्तुगीज लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात जायचे. सुरक्षा मिळत होती, पण ती विकत घ्यावी लागत होती. आणि ज्याच्यापासून भीती, त्याच्याकडूनच. इथून एक गोष्ट लक्षात ठेवू या. कागदावर लिहिलेला दर आणि प्रत्यक्ष पडणारा दर, हे दोन वेगळे असतात.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. वाफेच्या बोटी आल्या आणि समुद्रप्रवास व्यापाऱ्यापुरता राहिला नाही. लग्नाचं वऱ्हाड, परीक्षेला निघालेली पोरं, नोकरीसाठी मुंबई गाठणारे, सगळे ‘उतारू’ झाले. या काळातली सर्वांत मोठी आठवण ज्या बोटीची आहे, तिचं नाव आपल्या कानाला परकं नाही. वैतरणा! विरारच्या उत्तरेला अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळणारी आपली नदी, तेच नाव. स्कॉटलंडमधल्या ग्रँजमाउथला १८८५ मध्ये ही बोट पाण्यात उतरली. तिच्यावर विजेचे दिवे होते. घरात रॉकेलची चिमणी असण्याच्या त्या काळात झगमगणारी बोट म्हणजे नवलच. लोक तिला ‘विजळी’ म्हणू लागले. त्या काळची आलिशान बोटच ती.

८ नोव्हेंबर १८८८. कच्छमधल्या मांडवीहून ती मुंबईला निघाली. द्वारकेला आणखी उतारू घेतले. सातशेहून जास्त माणसं बोटीवर होती. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळ झालं आणि बोट नाहीशी झाली. शोध घेऊनही सांगाडा मिळाला नाही. गुजरातीत हाजी कासम कप्तानाचं आणि विजळीचं लोकगीत आजही गातात. नंतरच्या चौकशीत बोटीवर पुरेशा लाइफबोटी आणि लाइफजॅकेटं नव्हती, हे पुढे आलं. म्हणजे दिव्यांवर खर्च झाला होता, जीव वाचवायच्या साधनांवर झाला नव्हता. उतारूला दिवे दिसले. लाइफबोटी मोजायच्या असतात, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि भरपाई? जहाजाचा आणि मालाचा विमा काढायची रीत तेव्हा रुळलेली होती. उतारूच्या जिवाचं काय? १८५५ चा प्राणघातक अपघातांचा कायदा होता, त्यात वारसांना दावा लावता येत होता. पण निष्काळजीपणा सिद्ध करायचा कसा? बोट नाही, साक्षीदार नाही, प्रेतही नाही. शिवाय तेव्हाच्या ब्रिटिश नौकानयन कायद्याचं तत्त्व बघा. १८६२ च्या दुरुस्तीने जीवितहानी झाली तर मालकाची देणेदारी जहाजाच्या दर टनाला जास्तीत जास्त १५ पौंड इतकी बांधली होती. माणसं किती गेली यावर नाही, जहाज किती टनांचं यावर! माणसाची किंमत लोखंडाच्या मापाने ठरत होती.

यानंतर साठ वर्षांनी मुंबई बंदरात काय झालं? १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ वादळी लाटेत कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. हा प्रवास काही तासांचाही नव्हता, मुंबई मागे डोळ्यांना दिसत असेल. पण बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला खबर लागायला कित्येक तास गेले. मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांनी ती समुद्रात फेकून माणसं आपल्या होड्यांत घेतली, ही आठवण त्या बाजूला अजून सांगतात. आपल्या पाचूबंदर, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यांना यात नवल वाटणार नाही. विम्याच्या कुठल्याच कागदावर नसलेली ही भरपाई आहे. पण व्यवस्था अशा भलेपणावर उभी राहू शकत नाही. रामदासनंतर उतारू बोटींना वायरलेस सक्तीचा झाला आणि पावसाळी वाहतुकीला चाप बसला. नियम नेहमीच माणसं गेल्यावर येतो, हा या इतिहासातला सर्वांत कडू धडा.

जगभर हेच दिसतं. १९१२ ला टायटॅनिक बुडाली, १९१४ ला समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, ज्याला ‘सोलास’ म्हणतात. शंभर वर्षांनी, १३ जानेवारी २०१२ ला इटलीत कोस्टा काँकॉर्डिया हे भलंमोठं क्रूझ जहाज खडकावर आपटलं, ३२ जण गेले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची बचाव कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत घेतली तरी चालायची. आता ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते. म्हणून मंडळी, जहाजावर भोंगा वाजला आणि ‘कवायतीला या’ असं सांगितलं, तर चहाचा कप खाली ठेवून जायचं.

आता आपल्या दाराशी आलेली क्रूझ. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. पुढे २०२१ पासून कॉर्डेलियाच्या सहली मुंबईहून निघू लागल्या. जाहिरातीत दर छापलेला असतो, पण कार्ताझ आठवा! तो दर बहुधा एका खोलीत दोघं धरून दरडोई असतो; एकटा माणूस गेला तर जास्त पडतो. त्यावर बंदराचे आकार, कर, सेवकांची बक्षिशी, इंटरनेट, पेयं, किनाऱ्यावरच्या सहली. परदेशी जहाज असेल तर व्हिसा आणि बंदरापर्यंतचं विमानभाडंही. हे सगळं एका कागदावर मांडल्याशिवाय ‘स्वस्त’ हा शब्द वापरू नये.

आणि विमा. इथे आपली माणसं हमखास म्हणतात, ‘आमचा मेडिक्लेम आहे की!’ पण बहुतेक साध्या पॉलिसी भारतातल्या इस्पितळापुरत्या असतात. जहाजावरचा डॉक्टर वेगळं बिल करतो. प्रकृती बिघडली आणि हेलिकॉप्टरने उचलून किनाऱ्यावर आणायची वेळ आली, तर तो खर्च सहलीच्या कितीतरी पट होऊ शकतो. म्हणून प्रवासविम्यात तीन गोष्टी शोधायच्या: समुद्रावरून तातडीने हलवण्याचा खर्च, आधीच्या आजारांबद्दलची अट, आणि सहल मधेच तुटली तर काय. हे शेवटचं कल्पनेतलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये कॉर्डेलियाच्या जहाजावर ६६ जण कोरोनाबाधित निघाले आणि सुमारे दोन हजार लोकांची सहल गोव्याच्या बंदरात अडकली.

जहाजमालकाची जबाबदारी? त्यात सुधारणा जरूर झाली. अथेन्स करारात हिशेब टनावरून नाही, तर माणसावरून होतो. त्याच्या २००२ च्या मसुद्यानुसार जहाजाला अपघात होऊन प्रवासी दगावला तर दर माणशी अडीच लाख एसडीआरपर्यंत चूक सिद्ध न करताही देणं लागतं. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी एकक. विजळीच्या वारसांना हे मिळालं असतं तर! पण हा करार लागू असेल तिथेच. आणि तिकिटामागचा बारीक मजकूर वाचावाच लागतो. अमेरिकेत शूट नावाच्या बाई क्रूझवर पडून जखमी झाल्या. राहायला वॉशिंग्टन राज्यात, पण तिकिटावर लिहिलेलं की दावा फ्लोरिडातच लावायचा. १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलम मान्य केलं. नालासोपाऱ्याच्या माणसाने मियामीत दावा लावायचा तर वकिलाचंच बिल पाहून तो घरी बसेल.

हे सगळं सांगितलं ते भीती घालायला नाही. आज वसई-भाईंदर रो-रो फेरीत आपण गाडीसकट चढतो, आणि क्रूझचं जहाज विजळीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. पण डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जण गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, आणि बऱ्याच जणांच्या अंगावर लाइफजॅकेट नव्हतं. विजळीनंतर १३६ वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न.

सोपाऱ्याचा सावकार निदान एक गोष्ट प्रामाणिकपणे करत होता: धोक्याचा आकडा तो तोंडावर सांगायचा, शंभराला वीस. आजच्या तिकिटात तो आकडा कुठेतरी बारीक अक्षरांत असतो, आणि सावकाराच्या जागी आपणच असतो. तेव्हा पैसे भरण्याआधी शंभराला वीस कुठे लपलेत, ते शोधा. सापडले, परवडत असले, तर खुशाल जा. समुद्र आपल्याला परका नाही.