मातीचे मावळे आणि कारंज्याची लूट

लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी' या कादंबरीत (१७५९-६७) अंकल टोबी नावाचे एक विलक्षण पात्र आहे. १६९५ च्या नामूरच्या वेढ्यात जखमी झालेल्या या लष्करी गृहस्थाला भेटायला येणारा प्रत्येकजण, 'जखम नेमकी कुठे झाली?' असे विचारतो. टोबीला ते शब्दांत सांगता येत नाही. खंदक, बुरूज, बांध, पाण्याचे पाट यांच्या परिभाषेत तो स्वतःच गुरफटून जातो. अखेर तो नकाशा मागवतो. नकाशाही अपुरा पडतो, तेव्हा आपल्या सेवकाच्या मदतीने हिरवळीवर तटबंदीची प्रतिकृतीच उभारू लागतो. स्टर्नने हा प्रसंग विनोदाने रंगवला असला तरी त्यात एक गंभीर निरीक्षण दडलेले आहे. युद्धाची हकीकत सांगताना भाषा जिथे अडखळते, तिथे माणूस मातीला हात घालतो.

हा हात महाराष्ट्रात दरवर्षी दिवाळीत घातला जातो. विटा आणि दगड रचून, त्यांवर चिखलात भिजवलेली पोती पसरून मुले अंगणात किल्ला करतात. मोहरी किंवा अळीव पेरून त्याची जमीन हिरवी करतात, आणि बाजारातून आणलेले मावळे बुरुजांवर उभे करतात. लष्करी देखाव्याची प्रतिकृती घडवण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत 'डायोरामा' या नावाने ओळखला जातो. (हा शब्द दागेर आणि त्याच्या सहकाऱ्याने १८२२ मध्ये पॅरिसात उघडलेल्या प्रकाशचित्रांच्या नाट्यगृहाचा होता, छोट्या प्रतिकृतींना तो पुढे चिकटला.) आपल्याकडे या छंदाचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे हा दिवाळीचा किल्ला. त्यातील मावळ्याकडे इतिहासाचे एक विधान म्हणून पाहावे, आणि ते विधान वाशीम जिल्ह्यातील एका गावापुढे कसे टिकते हे तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम मावळ्याच्या घडणीविषयी. मातीचा मावळा दोन भागांच्या साच्यातून निघतो. पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा दाबून घेतात, पातळ मातीने जोडतात, सावलीत वाळवतात, पांढरा हात देऊन मग रंगवतात. प्लास्टर ऑफ पॅरिस आल्यापासून दाबण्याऐवजी ओतण्याची पद्धत रूढ झाली; पण साचा तो साचाच. साच्यातून जे सुटे निघू शकत नाही ते अंगाला चिकटून राहते, म्हणून ढाल छातीशी, तलवार खांद्याशी आणि हात धडाशी. भाला वेगळ्या काडीचा. रंग ठरलेले: भगवी किंवा लाल पगडी, पिवळा वा पांढरा अंगरखा, काळ्या मिशा. आकाराचे प्रमाण मात्र कोणी पाळत नाही. सिंहासनावरचे महाराज सर्वांत मोठे, पहारेकरी त्याहून लहान, आणि तरीही प्रत्येक पहारेकरी बुरुजाएवढा उंच. ही चूक म्हणता येणार नाही. दरबारी लघुचित्रांतही बादशहा इतरांहून मोठा असतो. तिथे आकार अंतर दाखवत नाही, मान दाखवतो. दिवाळीचा किल्ला याच परंपरेतला आहे.

युरोपातील परंपरा निराळ्या वाटेने गेली. अठराव्या शतकात न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी कथलाचे चपटे सैनिक ओतले. १८९३ मध्ये विल्यम ब्रिटन या इंग्रज कारखानदाराच्या घराण्याने आतून पोकळ शिशाचे सैनिक काढून ते स्वस्त केले. तो ५४ मिलिमीटर उंचीचा सैनिक म्हणजे साधारण १:३२ हे प्रमाण. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लास्टिकच्या १:७२ प्रमाणातील मूर्ती आल्या. प्रमाण एकदा ठरले की बाकी सगळ्याचा हिशेब द्यावा लागतो. माणूस सव्वादोन सेंटिमीटरचा असेल तर दार केवढे, घोडा केवढा, बंदूक केवढी? रंगकामही याच शिस्तीत आले. आधी अस्तर, मग मूळ रंग, घड्यांत पातळ गडद रंगाचा ओघळ, आणि उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग. कारण एवढ्या लहान मूर्तीवर खरी सावली पडत नाही, ती रंगवावी लागते.

या शिस्तीतून इतिहासलेखनाला काय मिळू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण विल्यम सायबोर्न या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचे. १८३० मध्ये त्याला वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती करण्याचे काम मिळाले. त्याने त्या भूमीवर कित्येक महिने मुक्काम करून मोजणी केली आणि लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवली: सायंकाळी सातच्या सुमारास आपली तुकडी नेमकी कुठे होती, समोर कोण होते, शेतात पीक कोणते होते? सुमारे ७५ हजार चिमुकल्या मूर्तींची ती प्रतिकृती १८३८ मध्ये लंडनमध्ये लोकांसमोर आली. उत्तरांवरून प्रशियन सैन्य जिथे दिसत होते तिथे त्याने ते उभे केले, आणि वेलिंग्टनच्या गोटात नाराजी पसरली. कारण विजयाचे श्रेय मूर्तींच्या जागेवरून वाटले जात होते. पुढे सायबोर्नला माघार घ्यावी लागली. प्रतिकृतीसाठी जमलेली ती पत्रे मात्र आज वॉटर्लूच्या अभ्यासाचे एक प्रमुख साधन आहेत. लिहिताना 'प्रशियन फौज दरम्यान येऊन पोहोचली' असे मोघम वाक्य चालून जाते. मांडणीत मूर्ती कुठे तरी ठेवावीच लागते.

हाच निकष आता आपल्याकडे लावून पाहू. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूदृश्ये' म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतील ११ महाराष्ट्रातले आणि जिंजी तमिळनाडूतला. विदर्भातला एकही नाही. आणि ते स्वाभाविकच आहे, कारण सतराव्या शतकात वऱ्हाड हा मोगलांचा सुभा होता. 'आईन-इ-अकबरी'त वाशीम हे त्या सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. वाशीम किंवा कारंज्याच्या अंगणात एखादा मुलगा रायगड उभारतो तेव्हा तो आपल्या गावापासून शेकडो कोसांवरचा किल्ला बांधत असतो. त्याच्या गावाचाही मावळ्यांशी संबंध आला होता. पण तो वेशीच्या दुसऱ्या बाजूने.

तो प्रसंग डिसेंबर १६७० चा. ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली होती, वणी-दिंडोरीची लढाई होऊन गेली होती. जदुनाथ सरकारांनी 'शिवाजी अँड हिज टाइम्स' (१९१९) मध्ये समकालीन कागदांवरून दिलेली हकीकत अशी: प्रतापरावाच्या हाताखालची फौज खानदेशात शिरली, बुऱ्हाणपूरजवळचे बहादुरपुरा लुटून वऱ्हाडात उतरली आणि कारंजा या संपन्न व्यापारी पेठेवर चालून आली. सोने, रुपे आणि तलम कापड मिळून सुमारे एक कोटीचा ऐवज चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून नेण्यात आला. गावातील धनिकांना खंडणीसाठी सोबत नेले. सर्वांत मोठा सावकार तेवढा स्त्रीवेषात निसटला. आणि कारंजा व नंदुरबारच्या आसपासच्या गावांकडून पुढे चौथाई देण्याचे लेखी करार घेण्यात आले.

या प्रसंगाची १:७२ प्रमाणात मांडणी करायची असे क्षणभर समजू. पहिली अडचण जनावरांची. लादलेल्या जनावरामागे अडीच मीटर जागा धरली तर चार हजारांची एकेरी रांग दहा किलोमीटरची होते; प्रतिकृतीत ती सुमारे १३९ मीटर भरेल. म्हणजे मांडणीतला मोठा भाग बैलांचा आणि गाढवांचा असेल, तलवारबहाद्दरांचा नव्हे. अशा रांगेचे रक्षण करत, शत्रूच्या मुलखातून, थंडीच्या दिवसांत परत जाणे हेच त्या मोहिमेतले खरे लष्करी कौशल्य होते. ते 'लूट' या दोन अक्षरी शब्दात दिसत नाही, मूर्ती मोजायला बसलो की दिसते.

दुसरी अडचण माणसांची. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या सभासद बखरीत पागेची रचना सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. बाजारातल्या मावळ्यांच्या पाटीत पाण्याची पखाल वाहणारा आणि नाल ठोकणारा कधी कोणी पाहिला आहे काय? साचेवाल्याने तो कधी केलाच नाही, कारण तो कोणी मागितला नाही. हजार स्वार दाखवायचे तर चाळीस पखालजी आणि चाळीस नालबंद ठेवणे भाग आहे. घोडदळाच्या वेगाची मराठी वाङ्मयात जेवढी स्तुती झाली, त्याच्या तुलनेत तो वेग ज्याच्या हातोडीवर अवलंबून होता त्या माणसाकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही.

तिसरी अडचण रंगाची. सर्व मावळ्यांच्या पगड्या एकाच रंगाच्या असाव्यात ही कल्पना गणवेशाच्या काळातली आहे. आपल्याकडे कवायती पलटणी, आणि त्यांबरोबर गणवेश, ठळकपणे दिसू लागतात ते अठराव्या शतकात. महादजी शिंद्यांच्या पदरच्या द ब्वान्यच्या कंपूंचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १६७० च्या स्वाराला रंगवणाऱ्याने लघुचित्रांकडे वळले पाहिजे. तिथे जामा दिसतो, आणि त्याच्या बंदांकडेही पाहावे लागते: डाव्या काखेखाली बांधलेला हिंदूंचा, उजव्या बाजूला बांधलेला मुसलमानांचा, असा त्या काळचा प्रघात होता. चुकीच्या चित्रावर विसंबण्याचा धोका काल्पनिक नाही. खुद्द शिवाजी महाराजांचे म्हणून एकेकाळी दुसऱ्याच एका मोगल सरदाराचे चित्र छापले जात असे; १९३० च्या दशकात वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतील अस्सल चित्र पुढे आणले तेव्हा तो प्रमाद दूर झाला.

चौथी अडचण सर्वांत बिकट. ओलीस धरलेले व्यापारी कुठे ठेवायचे? आणि लुगडे नेसून निघालेला तो सावकार? त्याची मूर्ती हास्यास्पद करून मोकळे होणे सोपे आहे. पण जरा विचार केला तर त्याचे सोंग हीच या हकीकतीतली सर्वांत महत्त्वाची साक्ष ठरते. स्त्रियांना हात लावायचा नाही, अशी लष्कराला सक्त ताकीद असल्याचे सभासद सांगतो. सभासद स्वराज्याचा चाकर. त्याने धन्याची स्तुती केली असे कोणी म्हणू शकेल. परंतु कारंज्याचा सावकार स्तुती करत नव्हता. स्त्रीवेषात आपण सुटू, या अंदाजावर त्याने जीव आणि धन पणाला लावले, आणि तो अंदाज खरा ठरला. ताकीद पाळली जाते, हे शत्रूच्या मुलखातल्या माणसालाही ठाऊक होते, असाच याचा अर्थ होतो. त्याच वेळी, ज्यांनी लुगडे नेसले नाही ते दोरीने बांधलेले रांगेत चालत होते, हेही त्याच मांडणीत दिसेल. या दोन्ही मूर्ती ठेवल्याशिवाय मांडणी पुरी होत नाही. एक काढली की ते स्तोत्र होते, दुसरी काढली की फिर्याद.

पाचवी मूर्ती कारकुनाची. वेशीबाहेर बैठक घालून, दौत-लेखणी घेऊन चौथाईचा करार लिहून घेणारा. माझ्या मते मांडणीच्या मध्यभागी जागा त्याची. बैल परत गेले, सोने खर्च झाले. परंतु मोगलांच्या मुलखात मोगलांखेरीज दुसऱ्या कोणाला तरी रीतसर वसूल द्यायचा, ही गोष्ट त्या कागदाने गावोगाव मान्य करून घेतली. पुढच्या शतकात मराठी सत्ता उत्तरेत पसरली ती याच हक्काच्या जोरावर. साच्याच्या दृष्टीने मात्र मांडी घालून बसलेला कारकून म्हणजे अगदीच निरुपयोगी नग.

दिवाळीच्या किल्ल्यावर टीका करण्यासाठी हे लिहिलेले नाही. त्या किल्ल्यातली भक्ती खरी आहे, आणि मुलाच्या हाताला लागलेल्या चिखलाचे मोल कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा कमी नाही. पण वाशीम जिल्ह्यातल्या मुलाला इतिहासात उभे राहायला दोन जागा उपलब्ध आहेत, हे त्याला कोणी तरी सांगायला हवे. एक रायगडाच्या बुरुजावरची, जी सर्व महाराष्ट्राची आहे. दुसरी कारंज्याच्या वेशीच्या आतली, जी फक्त त्याची आहे. तिथून मावळे पाठमोरे दिसत नाहीत. ते समोरून येताना दिसतात.

साहित्याच्या वर्गात आपण निवेदकाचा दृष्टिकोन शिकवतो, त्यासाठी इंग्रजी कादंबऱ्यांतले उतारे देतो. एखाद्या दिवाळीच्या सुटीनंतर विद्यार्थ्यांना एवढेच सांगून पाहावे: डिसेंबर १६७० चे कारंजे मांडा. मूर्ती विकत मिळणार नाहीत, पखालजी आणि कारकून हाताने करावे लागतील. आणि वेस मांडायच्या आधी, आपण तिच्या कोणत्या बाजूला बसलो आहोत, ते ठरवा.