बेने इस्रायल समाजाची कोकणातील मूळ गावे

बेने इस्रायल हा कोकण किनाऱ्यावर, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यात, शतकानुशतके राहिलेला मराठीभाषक ज्यू समाज आहे. १९४८ साली इस्रायलची स्थापना झाल्यानंतर यातील बहुसंख्य कुटुंबांनी तिकडे स्थलांतर केले. त्यांचे वंशज पूर्वजांची गावे पाहण्यासाठी अलिबाग परिसरात येतात.

आडनावे

मूळ गाव शोधण्याचा या समाजातील मुख्य आधार म्हणजे आडनाव. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, दिवेआगरचे दिवेकर, रोह्याचे रोहेकर. अशी ‘कर’ लावून झालेली आडनावे इस्रायलमधील दिमोना, लोद, अश्दोद या शहरांतही आढळतात. तथापि आडनावावरून गाव कळते, वंशावळ कळत नाही. जुन्या पिढ्यांतील नावेही कोकणी वळणाची असत. मुंबईत १७९६ साली समाजाचे पहिले प्रार्थनास्थळ बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे सामाजी हसाजी दिवेकर या नावानेही ओळखले जातात.

नवगाव

समाजाच्या परंपरेनुसार पूर्वजांचे जहाज अलिबागच्या उत्तरेस असलेल्या नवगावजवळ फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. समुद्राने किनाऱ्यावर आणलेले मृतदेह पुरुषांचे व स्त्रियांचे वेगवेगळे पुरण्यात आले, असे सांगितले जाते. ही घटना सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची मानली जात असली तरी तिला समकालीन लिखित पुरावा नाही. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ग्रंथात ही परंपरा नोंदवली आहे. तो ग्रंथ १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. नवगावच्या जुन्या दफनभूमीत पुढे स्मारक उभारण्यात आले. येथे येणाऱ्याला आपल्या पूर्वजाची नेमकी कबर दाखवता येत नाही. सारा समाज हीच जागा सर्वांच्या पूर्वजांची म्हणून मानतो.

बहुतेक कुटुंबांचा पारंपरिक व्यवसाय तेल गाळण्याचा होता. शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी घाणा बंद ठेवत असल्याने शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आता घाणेही गेले आणि ते चालवणारेही, त्यामुळे अनेक गावांत समाजाची आठवण मुख्यतः दफनभूमीच्या रूपाने उरली आहे.

खंडाळे व अलिबाग

अलिबागजवळील खंडाळे गावातील खडकावर एलियाहू हन्नाबी (प्रेषित एलिया) यांच्या स्वर्गारोहणाच्या वेळच्या खुणा उमटल्या, अशी श्रद्धा आहे. नवस फेडण्यासाठी, तसेच लग्नकार्यापूर्वी येथे मलिदा केला जातो. पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे व फळे यांचे हे ताट प्रार्थनेनंतर वाटले जाते. हा विधी बेने इस्रायल समाजाचे वैशिष्ट्य असून स्थलांतरितांनी तो इस्रायलमध्येही चालू ठेवला आहे.

अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन आबोत हे प्रार्थनास्थळ आहे. या हिब्रू नावाचा अर्थ ‘पूर्वजांची ढाल’ असा होतो. रेवदंडा व पेण येथेही जुनी प्रार्थनास्थळे आहेत. सामूहिक प्रार्थनेसाठी परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. उरलेल्या कुटुंबांची संख्या कमी असल्याने ही संख्या भरणे अवघड होते, आणि बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांमुळे कधी ती पुरी होते.