गोळी नसलेली बंदूक

थंडीत कोकणच्या किनाऱ्यावर कुरव पक्षी थव्याने येतात, मासळीच्या तुकड्यासाठी होड्यांवर घिरट्या घालतात. त्यांचा पंख वर-खाली होतो, एवढं आपल्याला दिसतं. पण वर जाताना तो कसा दुमडतो, खाली येताना किती पुढे जातो, ते सांगा बघू! आपल्या डोळ्यांचा दोष नाही, पंखच तेवढा चपळ.

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एतिएन-ज्यूल मारे या डॉक्टरांना हाच प्रश्न पडला. माणसाची नाडी, घोड्याची चाल, माशीचे पंख, जे हलतं ते मोजायचं हा त्यांचा ध्यास. कबुतराच्या अंगाला यंत्र बांधून त्यांनी पंखाचे ठोके कागदावर उतरवले होते. पण अंगावर ओझं घेतलेलं पाखरू मोकळ्या पाखरासारखं थोडंच उडणार? आणि मेलेल्या पक्ष्याचा पंख पसरला तर हाडं मोजता येतात, उडणं नाही.

म्हणून १८८२ साली त्यांनी एक बंदूक बनवली. खांद्याला टेकवायचा दस्ता, नळीत गोळीऐवजी भिंग, मागच्या गोल डब्यात फिरणारी काच. चाप ओढला की घड्याळासारखं यंत्र काच टप्प्याटप्प्याने फिरवायचं. सेकंदाला १२ फोटो, आणि एकेका फोटोला उजेड मिळायचा सेकंदाचा ७२०वा भाग!

हिवाळ्यात ते इटलीत नेपल्सच्या समुद्रकाठी असत. तिथे कुरवांवर नेम धरायचे, चाप ओढायचे. ना बार, ना पक्षी पडला, तरी माणूस खूश! आसपासचे लोक त्यांना खुळा म्हणत, असं सांगतात. ही बंदूक कुणाचा जीव घेत नाही, असं त्यांनी आईला पत्रात कळवलं होतं. त्या काळी युरोपात बायकांच्या टोप्यांवर खोवायच्या पिसांसाठी कुरव आणि बगळे मारले जात. त्याविरुद्ध इंग्लंडमध्ये १८८९ साली बायकांनीच संघटना उभी केली, पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

बंदुकीतले फोटो फार लहान आले, नुसत्या सावल्या. मग मारेंनी काळ्या पार्श्वभूमीसमोरून पांढरे पक्षी उडवले आणि एकाच काचेवर एकाच पक्ष्याचे लागोपाठ फोटो घेतले. कुरव, बगळा, चोचीखाली झोळी असलेला पेलिकन. पण पंख एकमेकांत गुंतायचे, काही उलगडायचं नाही. म्हणून वरून, समोरून, बाजूने फोटो काढले, आणि शेवटी कुरवाच्या एका फडफडीतल्या सगळ्या अवस्था ब्राँझमध्ये ओतून घेतल्या. उडणं हाताने चाचपता यावं म्हणून केवढा खटाटोप!

त्यातून कळलं, की खाली येताना पंख पूर्ण पसरतो आणि पुढेही सरकतो. वल्ह्यासारखा नुसता मागे रेटत नाही. वर जाताना तो मनगटाशी दुमडतो, त्यामुळे हवेचा अडथळा कमी होतो. १८९० साली त्यांनी हे सगळं ग्रंथात मांडलं.

तळ्यावरून बगळा उठला की त्याच्या पहिल्या दोन-चार फडफडींकडे बघा. त्याचा पंख सावकाश हलतो, त्यामुळे मनगटाची ती घडी नुसत्या डोळ्यांनाही दिसते.