बयनामा की किरायानामा?

रेणापुरात आमच्या घरी एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात आजोबांच्या शेतीचे कागद आहेत, सगळे उर्दूत. 1948 पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. त्याच पेटीत 2006 साली मी एका कॉम्प्युटर गेमची डबी ठेवली. मामूंनी हैदराबादहून आणलेली अस्सल सीडी, पावती आणि आत छापलेला लांबलचक कोड. नकली सीडी पन्नास रुपयांत मिळायची, पण हट्टाने अस्सल मागवली होती.

सीडी घातली तर स्क्रीनवर आले, आधी इंटरनेट जोडा. घरी फोनसुद्धा नव्हता. सीपीयू चादरीत गुंडाळून एसटीने लातूरला नेला. दोन कॅफेवाल्यांनी 'बाहेरची मशीन आमच्या लाइनला लावणार नाही' म्हणून परत पाठवले, तिसऱ्याने लावू दिली. आणि गेम कसला, तर एकट्याने खेळायचा!

कंपन्यांची भीती खोटी नव्हती. नकलांचा बाजार मोठा होता, आपण सगळ्यांनी पाहिलाय. पण पूर्वी पहारा डबीतच असे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या 1990 च्या पीसी आवृत्तीत पुस्तिकेतल्या ठरावीक पानावरच्या शब्दाचे पहिले अक्षर शोधून त्या अक्षराची बाटली प्यावी लागे. चुकीची प्यायलात तर राजपुत्राला इजा. पुढे सीडी ड्राइव्हमध्ये असली की काम भागे. 2001 च्या विंडोज एक्सपीला ॲक्टिव्हेशन आले, पण ते फोनवरून आकडे वाचूनही करता येई.

नोव्हेंबर 2004 मध्ये 'हाफ-लाइफ 2' आला. दुकानातून डबी आणलेल्यांनाही 'स्टीम' या सेवेवर ऑनलाइन नोंदणी केल्याशिवाय तो सुरू करता येईना. गंमत बघा, त्याच्या महिनाभर आधी भारत सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले होते आणि 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले होते. आपल्याकडच्या डायल-अपचा वेग कागदावर 56. त्या वेगाने 100 एमबी उतरवायला चार तास लागत, तेही लाइन तुटली नाही आणि भारनियमन आडवे आले नाही तर.

2008 च्या 'स्पोअर'ला आधी तीनच ॲक्टिव्हेशन दिली होती. लोक संतापले, मग पाच केली. 2010 मध्ये युबिसॉफ्टने 'असॅसिन्स क्रीड 2' चालू असेपर्यंत इंटरनेट सतत हवे असे ठरवले. मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे मोजलेले लोकच ताटकळत बसले. नकली प्रत वापरणाऱ्याला या सगळ्याचा त्रास कमीच. 2013 चा 'सिमसिटी' सुरुवातीला अनेकांना उघडताच येईना. ऑफलाइन सोय व्हायला वर्ष गेले.

पण सर्व्हर कोलमडणे ही एक गोष्ट, तो कायमचा बंद होणे वेगळी. 2014 चा 'द क्रू' एकट्यालाही खेळता येई, पण सर्व्हरशिवाय नाही. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाला आणि विकत घेतलेली प्रत्येक प्रत निकामी झाली. त्यावरून रॉस स्कॉट यांनी मोहीम उभी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला की, ग्राहकाला फक्त परवाना मिळणार असेल तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय दुकानदाराने 'विकत घ्या' असे लिहू नये.

माझी डबीही त्यातलीच निघाली. नवा कॉम्प्युटर घेतल्यावर भाच्यासाठी ती सीडी लावली. सीडीवर ओरखडा नाही, कोड बरोबर, पण तिकडे 'हो' म्हणणारे कोणी उरले नव्हते. अब्बांना समजावून सांगितले. त्यांचे शिक्षण जुन्या उर्दू शाळेतले. त्यांनी विचारले, "म्हणजे तू बयनामा केला होतास की किरायानामा?"

मी म्हणालो, "पावतीवर तर विक्रीच लिहिलीय."

त्यांनी चष्मा लावून पावती दोनदा वाचली. मग आजोबांचे कागद पेटीत नीट रचले आणि डबी बाहेर ठेवली.