गारगोटीचा डोळा

शोधांचा इतिहास आपण बहुधा वेगाचा इतिहास म्हणून वाचतो. अमुक यंत्राहून तमुक यंत्र किती पटींनी जलद, एवढे कळले की आपली जिज्ञासा शमते. परंतु गणकयंत्राच्या इतिहासाला काटकसरीचाही एक पदर आहे. माझे विज्ञान मॅट्रिकपुरतेच; पण कादंबरी लिहिणाऱ्याला मागे राहून गेलेल्या माणसांची ओढ असते. हा पदर धरून मी चालू लागलो, तो अशाच एका व्यक्तीपाशी येऊन थांबलो.

१९४६ साली अमेरिकेत जाहीर झालेल्या एनिॲक ह्या गणकयंत्रात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याला १५० किलोवॉटच्या घरात वीज लागे. आपला मेंदू मात्र सुमारे २० वॉटवर, एखाद्या लहानशा दिव्याच्या खर्चात, जन्मभराचा कारभार पाहतो. ही तफावत जॉन फॉन नॉयमन ह्या गणितज्ञाने ओळखली होती. येल विद्यापीठातील व्याख्यानांसाठी त्याने यंत्र आणि मेंदू ह्यांची तुलना लिहायला घेतली. शक्तीच्या खर्चात मज्जापेशी निर्वात नळीला कितीतरी मागे टाकते, हे त्याने हिशेबाने दाखविले. परंतु कर्करोगाने त्याला गाठले. १९५७ मध्ये तो गेला आणि पुस्तक १९५८ मध्ये अपुरेच प्रसिद्ध झाले.

पुढची वाट निघाली ती कॅलिफोर्नियातील कॅलटेक ह्या संस्थेतून. तेथील प्राध्यापक कार्व्हर मीड हा ट्रान्झिस्टरच्या विद्येतला अधिकारी पुरुष. ट्रान्झिस्टर पुरता चालू होण्याआधीही त्यातून किंचित प्रवाह झिरपत असतो. इंजिनियरांच्या लेखी ती निव्वळ गळती. मीडला तीत निराळेच दिसले. हा प्रवाह विजेच्या दाबाबरोबर ज्या धर्तीने वाढतो, तीच धर्त मज्जापेशीच्या पापुद्र्यातही आढळते. मग गळती बुजविण्याऐवजी तिच्याकडूनच काम का करून घेऊ नये? अशा मज्जासदृश रचनेला त्याने ‘न्यूरोमॉर्फिक’ हे नाव दिले.

मीडच्या हाताखाली मिशा माहोवाल्ड नावाची एक विद्यार्थिनी आली. तिची पदवी जीवशास्त्रातली. गारगोटी आणि वाळू ह्यांतून मिळणाऱ्या सिलिकॉनच्या चकतीवर डोळ्याचा पडदा उभा करायचा, हे काम तिने अंगावर घेतले. डोळ्यातल्या काही पेशी प्रकाश टिपतात, काही आसपासच्या उजेडाची सरासरी काढतात आणि पुढे पाठविला जातो तो ह्या दोहोंतला फरक. म्हणून कोऱ्या भिंतीविषयी डोळा मेंदूला फारसे काही सांगत नाही. भिंतीवर पाल सरकली की लगेच सांगतो. माहोवाल्डच्या चकतीनेही हेच केले. १९९१ साली तिने आणि मीडने ह्या ‘सिलिकॉन डोळ्या’ची हकीकत सर्वसाधारण वाचकांसमोर मांडली.

ह्यातली काटकसर शाळामास्तराला चटकन कळते. नेहमीचे यंत्र म्हणजे दर क्षणाला वर्गातल्या प्रत्येक मुलाची हजेरी घेणारा मास्तर. सगळी मुले जागच्या जागी असली तरी त्याचे नाव पुकारणे थांबत नाही. माहोवाल्डने जिच्या घडणीत मोठा वाटा उचलला त्या पद्धतीत हजेरीच नाही. ज्या पेशीला काही सांगायचे असेल तिने तेवढा आपला क्रमांक पुकारावा; बाकीच्यांनी गप्प बसावे. जो गप्प आहे त्याच्यावर वीज फारशी खर्च होत नाही.

पुढे माहोवाल्ड ऑक्सफर्डला आणि तेथून झुरिकला गेली. १९९६ मध्ये, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, तिचे निधन झाले. तिच्या विद्येला जगाने मागणी घालावी, असे दिवस तोवर आलेच नव्हते. वीज मुबलक होती आणि साधी यंत्रे दरसाल अधिक जलद होत होती.

मागणी आली ती यंत्रे खिशात आणि मनगटावर येऊन बसल्यावर. बॅटरी चिमुकली, आणि पहारा मात्र दिवसरात्रीचा! २००८ साली झुरिकमधील तोबी डेलब्रुक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचा, केवळ उजेडातला बदल टिपणारा कॅमेरा प्रसिद्ध केला. २०१४ साली आयबीएमची ट्रूनॉर्थ ही चकती आली. तिच्यात दहा लाख कृत्रिम मज्जापेशी, त्यांच्यामधले २५.६ कोटी सांधे आणि ५४० कोटी ट्रान्झिस्टर. विजेचा खर्च मात्र सुमारे ७० मिलिवॉट, म्हणजे एका वॉटचा चौदावा हिस्सा. ह्या कामाचा म्होरक्या धर्मेंद्र मोधा हा आपल्या पवईच्या आयआयटीचा विद्यार्थी.

अर्थात, चकती म्हणजे मेंदू नव्हे. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. शिवाय आज कृत्रिम बुद्धीचा जो गाजावाजा चालला आहे, तो बहुतांशी विजेवर ताव मारणाऱ्या नेहमीच्याच चकत्यांवर. माहोवाल्डची वाट अद्याप आडवाटच राहिली आहे.

तरीही २०१६ साली तिच्या नावाचे पारितोषिक प्रथमच दिले गेले, ते ट्रूनॉर्थच्या मंडळींना. वीस वर्षांपूर्वी गेलेल्या एका मुलीचे नाव अशा रीतीने तिच्याच विद्येच्या वारसदारांपर्यंत पोचले. आमच्या पाठ्यपुस्तकांत वेगाचे मानकरी पुष्कळ आहेत. कोणी कधी गप्प राहावे हे यंत्राला शिकविणाऱ्या ह्या मुलीसाठी तेथे एक ओळ तरी असावी, असे मला मनापासून वाटते.