विद्येच्या मांडवीवरची जकात

रत्नागिरीची मांडवी आज काळ्या वाळूसाठी ओळखली जाते. पण ‘मांडवी’ या शब्दाचा जुना अर्थ आहे जकातीचे ठाणे. गलबतातून उतरलेल्या मालाचे मोल येथे चुकवायचे आणि मगच पुढे जायचे. विद्येच्या बंदरांवरही अशा मांडव्या असत. १९३३ साली बंगळूरला एका मराठी मुलीने भरलेल्या जकातीची ही हकीकत.

कमला भागवत यांचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले. थोरली बहीण म्हणजे पुढे ख्यातनाम झालेल्या दुर्गाबाई भागवत. रसायनशास्त्र घेऊन मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संस्था त्या काळी विद्यापीठ नव्हती. प्रयोग बंगळूरला करायचे आणि एम.एस्सी. मात्र मुंबईची मिळवायची, म्हणजे एका अर्थी पाहुण्या विद्यार्थिनीचेच हे जिणे.

संचालक होते सी. व्ही. रामन. नोबेल मिळून तीनच वर्षे झाली होती. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार स्त्री आहे. कमलाबाई बंगळूरला जाऊन थडकल्या, कारण विचारले आणि प्रवेशाचा आग्रह सोडला नाही. अखेर रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्ष परीक्षेचे. संचालकांचे समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही. आणि त्यांच्या वावराने पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये. ही शेवटची अट आज वाचतानाही खटकते. चित्त विचलित होणार दुसऱ्यांचे, जबाबदारी मात्र हिची!

सुदैवाने मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे असले, तरी शिकवण्यात हात आखडता घेणारे नव्हते. पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रयोगशाळा चाले. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिने हा विषय होता. गरिबाच्या ताटाशी त्याचा थेट संबंध. वर्ष सरले, रामन यांचे समाधान झाले आणि पुढे इतर मुलींसाठीही दार उघडले. १९३६ साली एम.एस्सी. पदरात पडली.

१९३७ साली शिष्यवृत्ती घेऊन त्या केंब्रिजला गेल्या. फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात जागा शिल्लक नव्हती. तेव्हा डेरेक रिक्टर यांनी स्वतःचे टेबल दिवसा त्यांना वापरू दिले आणि आपण रात्री काम करू लागले. बंगळूरच्या अटींशेजारी हे टेबल ठेवून पाहावे.

रिक्टर दुसरीकडे गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या ऊतींवर काम सुरू झाले. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवणारे सायटोक्रोम हे लोहयुक्त प्रथिन डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली कीटकांचे स्नायू, यीस्ट यांत दाखवले होते. कमलाबाईंना बटाट्यापासून सुरुवात करून सायटोक्रोम-सी वनस्पतींतही सापडले. साधा बटाटा आणि प्राण्याचा स्नायू श्वसनाच्या बाबतीत एकमेकांचे नातलग ठरले. प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता. १९३९ साली पीएच.डी. मिळाली.

तरी केंब्रिजला स्वर्ग मानण्याचे कारण नाही. स्त्रियांना तेथे त्या काळी पदवीची केवळ उपाधी मिळे. विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व १९४८ पर्यंत नव्हते. ‘विज्ञानातील पहिली भारतीय पीएच.डी. महिला’ हे कमलाबाईंचे बिरुदही जपून वापरावे. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी १९३१ सालीच अमेरिकेत मिशिगनची डी.एस्सी. मिळवली होती. कमलाबाईंचे मोठेपण अशा क्रमांकावर अवलंबून नाही.

त्या १९३९ सालीच मायदेशी परतल्या. दिल्ली, मग कुन्नूर. विवाहानंतर सोहोनी होऊन मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक आणि पुढे संचालक. येथे त्यांनी नीरेचा अभ्यास केला. कोकणी माणसाला ताडामाडाच्या या न आंबलेल्या रसाची ओळख करून द्यायला नको. तिच्यातील जीवनसत्त्वे कुपोषित आदिवासी मुलांना आणि गर्भवतींना उपयोगी पडतात, हे त्यांच्या गटाने दाखवले. त्या कामासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

१९९८ साली त्यांचे निधन झाले. त्याच्या थोडे आधी एका सत्कारात त्यांनी बंगळूरचा प्रसंग पुन्हा सांगितला होता. रामन थोर वैज्ञानिक होते, पण या बाबतीत मनाने कोते होते आणि तो अपमान आपण विसरलो नाही, असे त्यांनी स्पष्ट बोलून दाखवले.