मोल घ्यावे, मूळही द्यावे

मुक्त आज्ञावली म्हणजे फुकट मिळणारी आज्ञावली, हा संगणकाच्या जगातील एक जुना गैरसमज आहे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली 'ईमॅक्स' ही आपली आज्ञावली चुंबकीय फितीवर भरून १५० डॉलरला विकण्यास आरंभ केला. ते त्यांच्या निर्वाहाचे साधन झाले. मात्र घेणाऱ्यास तिची मूळ संहिताही मिळे. ती वाचण्याची, बदलण्याची आणि इतरांस देण्याची मोकळीक असे. १९८९ साली हेच तत्त्व त्यांनी 'जनरल पब्लिक लायसन्स' या परवान्यात ग्रथित केले.

फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली 'लिनक्स' प्रसिद्ध केले, ते मात्र कोणीही पैसे घेऊ नयेत या अटीवर. परिणाम असा झाला, की प्रती करून वाटणाऱ्यांना फ्लॉपीचा खर्चही भरून घेता येईना. म्हणून १९९२ साली त्याने ती अट काढली व स्टॉलमन यांचा परवाना स्वीकारला.

या परवान्याचे बंधन किमतीवर नाही, लपवालपवीवर आहे. १९९१ च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार विक्रेत्याने मूळ संहिता सोबत द्यावी, अथवा ती मागेल त्यास देण्याचे किमान ३ वर्षांचे लेखी वचन द्यावे. ही अट न पाळणाऱ्या एका कंपनीस म्यूनिकच्या न्यायालयाने २००४ साली मनाई केली. तिने मोल घेतले हा तिचा अपराध नव्हता. जे मोकळेपणी मिळाले, ते मोकळेपणी पुढे दिले नाही, हा होता.